गॅरेज तापतंय, पण पाय गारच! छताला अडकलेली गरम हवा खाली कशी आणायची?



‘घरातून धंदा’ ही आपली मालिका बघणारे बरेच जण परदेशात आहेत. त्यातल्याच एकाने या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातून फोन केला. घराच्या गॅरेजमध्ये तो लाकडी देवघरं बनवतो. तिकडच्या भारतीय कुटुंबांकडून ऑर्डर येतात, सगळ्यात जास्त गुढीपाडव्याच्या आणि गणपतीच्या आधी. म्हणजे पाडव्याचं काम जानेवारी-फेब्रुवारीत उरकायचं. आणि मिनिॲपोलिसच्या भागात जानेवारीतल्या रात्रीचं सरासरी तापमान उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं.

त्याचा प्रश्न सरळ होता. “दादा, हीटर चालू असतो, बिलही येतं, तरी पाय गारच. दोन देवघरांचे सांधे सुटून परत आलेत. आता मोठा हीटर बसवायचा म्हणतोय, कोटेशन आलंय. घेऊ का?”

कोटेशन काही हजार डॉलरचं होतं. छोट्या धंद्यात एवढी रक्कम म्हणजे अख्ख्या हंगामाचा नफा. म्हणून आधी त्याला एकच विचारलं: तुझा हीटर सतत चालतो, की मधे मधे बंद होतो?

तो म्हणाला, “दहा मिनिटं चालतो, मग बंद. परत थोड्या वेळाने चालू.”

इथेच अर्धं उत्तर मिळालं. हीटर खरोखर कमी पडत असेल तर तो कडाक्याच्या थंडीत थांबतच नाही. रात्रंदिवस चालतो आणि तरीही थर्मोस्टॅटवर लावलेला आकडा गाठत नाही. याचा तर आरामात गाठून बंद होत होता. म्हणजे उष्णता पुरेशी तयार होत होती, फक्त माणूस आणि माल जिथे आहे तिथे ती पोचत नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर माल गोडाउनच्या सगळ्यात वरच्या फळीवर पडलाय आणि गिऱ्हाईक खाली काउंटरवर उभं आहे. अशा वेळी आपण आणखी माल मागवतो का? नाही ना!

वर काय चाललंय ते आधी मोजा

त्याचं गॅरेज २४ फूट बाय २४ फूट, आणि छत तब्बल १४ फुटांवर. घराच्या आधीच्या मालकाकडे मोटरहोम होतं, म्हणजे ज्यात झोपायची-स्वयंपाकाची सोय असते ती बसएवढी गाडी. ती आत जावी म्हणून गॅरेज उंच बांधलेलं. छताला टांगलेला गॅसचा हीटर, ४५,००० बीटीयूचा. किलोवॅटमध्ये सांगायचं तर सुमारे १३. नवीन सुचवलेला होता ७५,००० बीटीयूचा.

त्याला म्हटलं, तीन साधे थर्मामीटर आण. एक घोट्याच्या उंचीवर ठेव, एक छातीच्या उंचीवर, एक दोरीने छताजवळ टांग. हीटरचा झोत थेट कुठल्याच थर्मामीटरवर यायला नको आणि बाहेरच्या भिंतीला ते टेकायला नकोत. गॅरेजचं दार बंद ठेवून तासभर हीटर नेहमीसारखा चालू दे आणि मग आकडे बघ. अमेरिकेतले थर्मामीटर फॅरनहाइटमध्ये असतात, पण सोयीसाठी मी सगळं सेल्सिअसमध्येच लिहितोय.

आकडे आले: घोट्याजवळ १३, छातीजवळ १७, छताजवळ २४. बाहेर त्या वेळी उणे १०. म्हणजे एकाच खोलीत वर आणि खाली ११ अंशांचा फरक! थर्मोस्टॅट छातीच्या उंचीवर. तो १७ बघून खूश, हीटर बंद. पण हा गडी देवघराचे भाग चिकटवून, शिकंजे लावून ठेवायचा कुठे? टेबलावर जागा नाही म्हणून थेट काँक्रीटच्या फरशीवर.

आता सांध्यांचं कोडं सुटतं. लाकूडकामाचा पिवळा गोंद घ्या, बाटलीवर किमान तापमान लिहिलेलं असतं. बऱ्याच गोंदांसाठी ते १० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आणि ती अट फक्त हवेसाठी नसते, लाकडासाठी आणि गोंदासाठीही असते. त्यापेक्षा गार झालं की गोंदाचा थर नीट जुळून येत नाही. वाळल्यावर खडूसारखा पांढरा दिसतो आणि सांधा कमजोर राहतो. घोट्याजवळची हवा १३ असली तरी दाराजवळची काँक्रीटची फरशी त्याहून गार असते, आणि तिच्यावर तासन्‌तास पडलेलं लाकूडही गार होत जातं. सुटलेल्या सांध्यात गोंद कसा दिसतो विचारलं, तर म्हणाला, “पांढरा, पिठासारखा.” झालं.

गरम हवा वरच का बसते?

शाळेत शिकलोय आपण: गरम हवा हलकी, म्हणून वर जाते. पण किती हलकी? १५ अंशांची एक घनमीटर हवा साधारण १,२२५ ग्रॅम भरते, २५ अंशांची साधारण १,१८५ ग्रॅम. फरक जेमतेम ४० ग्रॅमचा. एवढ्याशा फरकावर हवेचे थर लागतात, दुधावर साय धरावी तसे. हलवलं नाही तर थर तसेच राहतात. आणि हीटर छताला टांगलेला असेल, त्याच्या समोरच्या पट्ट्या आडव्या असतील, तर गरम झोत समोरच्या भिंतीकडे जातो आणि तिथून वर चढतो. खाली येण्याचं त्याला काही कारणच नसतं.

यात वाईट भाग पुढे आहे. पाय गार म्हणून आपण थर्मोस्टॅट २ अंश वाढवतो. हीटर जास्त वेळ चालतो, ती जास्तीची गरमी पुन्हा आधी छतालाच जाते. छताजवळ २४ चे २७ होतात, खाली जेमतेम एखाद-दुसरा अंश वाढतो. आणि छतातून बाहेर जाणारी उष्णता आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आपण पैसे देऊन अमेरिकेचं आकाश तापवतोय.

मोठ्या हीटरनेही हेच झालं असतं, फक्त जास्त वेगाने. थर्मोस्टॅट पाच मिनिटांत समाधानी, हीटर बंद, फरशी तशीच गार.

दिलासा त्या ४० ग्रॅमच्या फरकातच आहे. थर मोडायला वादळ लागत नाही. हवा सावकाश ढवळली तरी पुरतं.

फुकटचं काम आधी

मी पंखे विकतो, म्हणून पंखाच सांगणार असं वाटेल. पण पंख्याच्या आधी हीटरवर चढून बघायला लावलं. छताला टांगायच्या बहुतेक हीटरना समोर हलवता येणाऱ्या पट्ट्या असतात. त्या खालच्या दिशेला तिरक्या केल्या की झोत फरशीकडे येतो. हे करताना हीटर बंद करून थंड होऊ द्यायचा आणि सगळ्या पट्ट्या पूर्ण मिटवायच्या नाहीत, नाहीतर हवा अडून हीटर आतून तापतो. खर्च शून्य. त्याच्या पट्ट्या अगदी सरळ होत्या. बसवणाऱ्याने खोक्यातून काढला तसा टांगलेला.

दुसरं, दाराची खालची रबरी पट्टी. गॅरेजचं दार सोळा-सोळा फूट रुंद असतं. खाली बोटभर फट असली तर गार हवा फरशीवरून आत सरकते आणि घोट्याजवळच थांबते. पंख्याने ती फट बुजत नाही. छतात इन्सुलेशन नसेल तर आधी ते, मग बाकी सगळं. याच्याकडे होतं.

तिसरं, गोंद लावलेलं काम फरशीवर ठेवायचं नाही. दोन लाकडी घोडे, त्यावर फळी, अडीच फूट उंच. उभं राहायच्या जागी जाड रबरी मॅट. हे सगळ्यात स्वस्त आणि सांध्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. खरं तर हे एवढं केलं असतं तरी ती दोन देवघरं बहुधा परत आली नसती.

आता पंखा

हिवाळ्यात पंखा म्हटलं की आपल्याकडे लोक हसतात. पंखा हवा गार करत नाही, हे दुकानात रोज कुणाला ना कुणाला सांगावं लागतं. वारा अंगावरून गेला की अंगाला गार वाटतं, एवढंच. म्हणून हिवाळ्यातल्या पंख्याची अट अशी की हवा फिरली पाहिजे, पण माणसाला वारा लागता कामा नये. अंगावरचा वारा सेकंदाला २० सेंटिमीटरच्या आत राहिला तर बसून काम करणाऱ्यालाही सहसा जाणवत नाही.

अमेरिकेतल्या छताच्या पंख्यांना बहुधा दिशा बदलायचं बटण असतं, किंवा ते रिमोटवर असतं. आपल्याकडच्या साध्या पंख्यांना ते सहसा नसतं. खालून बघताना पाती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरली तर तिकडच्या पंख्यात हवा वर ढकलली जाते. ती छतावर पसरते, भिंतींवरून खाली उतरते आणि छताला चिकटलेला गरम थर सोबत घेऊन येते. मधे उभ्या असलेल्या माणसाला झोत लागत नाही. म्हणून हिवाळ्यात ही दिशा सांगतात.

पण १४ फुटांच्या छताला एक अडचण असते. वर ढकललेली हवा भिंतीवरून खाली येता येता दमते, विशेषतः पंखा छताला अगदी चिकटून असेल तर. म्हणून दांडी लांब घ्यायची, पाती छतापासून दोन-तीन फूट खाली आणायची. तरीही घोट्याचा आकडा हलला नाही, तर दिशा उलटी करून, म्हणजे नेहमीसारखी खाली हवा टाकत, अगदी सगळ्यात कमी वेगावर लावून बघायचं. पंखा अकरा-बारा फुटांवर असल्यामुळे खाली येईपर्यंत झोत पसरतो आणि मंदावतो. कुठली दिशा चांगली यावर इंटरनेटवर भांडणं चालू आहेत. तुमच्या गॅरेजमध्ये ते तीन थर्मामीटर सांगतील. अर्धा दिवस ही दिशा, अर्धा दिवस ती.

वेग कमी ठेवायचं आणखी एक कारण म्हणजे वीज. पंख्याचा वेग अर्धा केला तर हवा साधारण अर्धी होते, पण पाती फिरवायला लागणारी ताकद तत्त्वतः आठव्या हिश्श्यावर येते. प्रत्यक्षात मोटर आणि रेग्युलेटरमुळे तेवढी बचत होत नाही, तरी रात्रभर मंद फिरणारा पंखा बिलात शोधूनही सापडत नाही.

किती मोठा पंखा? २४ × २४ × १४ म्हणजे सुमारे ८,००० घनफूट हवा. ५२ इंची साधा पंखा सगळ्यात कमी वेगावर मिनिटाला दीड-दोन हजार घनफूट हवा हलवतो असं धरा. म्हणजे चार-पाच मिनिटांत खोलीभर हवा एकदा ढवळून होते. एवढ्या जागेला एक पंखा बास. गोदामांत दिसतात ते सात फुटांपासून चोवीस फुटांपर्यंतचे अवाढव्य, सावकाश फिरणारे पंखे इथे नकोत. फोटोत छान दिसतात, पण दोन गाड्यांच्या गॅरेजला तो हत्ती पोसू नका.

जागा ठरवताना गॅरेजचं दार उघडून बघा. तिकडचं दार पट्ट्या-पट्ट्यांनी वर सरकून छताजवळ आडवं होतं. दार बंद असताना मोकळी दिसणारी जागा दार उघडल्यावर व्यापली जाते. पंखा दाराच्या वाटेत येता कामा नये आणि शिडी, उंच फळ्या पात्यांपर्यंत पोचता कामा नयेत.

आणि हो, भारतातून पंखा नेऊ नका! त्याने खरंच विचारलं होतं, “तुमच्याच दुकानातून घेऊन येऊ का?” आपला पंखा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. तिकडे घरगुती पुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. शिवाय तिकडची मान्यता नसलेली वस्तू छताला लावली आणि काही झालं, तर विमावाला हात वर करेल. गिऱ्हाईक गेलं माझं, पण तिकडेच घे म्हटलं. ओलसर जागेसाठी मान्यता असलेला घे, कारण गॅरेजमध्ये बर्फाने माखलेली गाडी येते, बर्फ वितळतो.

छताला पंखा लावायची सोयच नसेल तर दुसरा मार्ग आहे. छताजवळ तोंड असलेला रुंद पाइप, त्यात छोटा पंखा, आणि पाइपचं दुसरं टोक फरशीपासून फूटभर वर. वरची गरम हवा खेचून थेट पायाशी. दिसायला जुगाड, पण अरुंद आणि उंच जागेत चांगला चालतो. लाकूडकामाच्या जागेत मात्र वरच्या तोंडाला जाळी-फिल्टर हवाच.

हिशोब, फुगवून न सांगता

पट्ट्या तिरक्या, दाराची रबर नवीन, पंखा मंद. दोन दिवसांनी आकडे आले: घोट्याजवळ १६, छातीजवळ १७, छताजवळ १८. बाहेर तेव्हाही उणे १०.

छताचा हिशोब करू. आधी छताजवळ २४ आणि बाहेर उणे १०, म्हणजे फरक ३४ अंशांचा. आता १८ आणि उणे १०, फरक २८. छतातून जाणारी उष्णता साधारण १७-१८ टक्क्यांनी कमी झाली. ऐकायला मस्त वाटतं. पण उष्णता फक्त छतातून जात नाही. भिंती, दार, फरशी, फटी, सगळीकडून जाते. समजा एकूण गळतीत छताचा वाटा निम्मा आहे, तर एकूण बचत ९ टक्क्यांच्या आसपास. त्यात खालची हवा आता जास्त गरम, म्हणून दारातून आणि फरशीतून थोडी जास्त जाणार. तेव्हा ‘पंखा लावा, बिल निम्मं करा’ असं कुणी सांगत असेल तर हात जोडा आणि पुढे चला. खरी कमाई वेगळीच आहे. काही हजार डॉलरचा हीटर घ्यावा लागला नाही, त्याऐवजी शंभर-दोनशे डॉलरचा पंखा आणि इलेक्ट्रिशियनची मजुरी. आणि परत आलेलं एक देवघर म्हणजे लाकूड, कुरिअर, दोन दिवसांची मेहनत आणि पाडव्याला गिऱ्हाईकाच्या घरात रिकामा कोपरा. त्या गिऱ्हाईकाने चार घरी सांगितलं तर पुढचा हंगामही गेला.

उलट बाजूही सांगतो. तुमच्याकडे मोजल्यावर वर-खाली फरक दोन-तीन अंशच निघाला, तर पंख्याने फारसं काही बदलणार नाही. अशा वेळी फटी आणि इन्सुलेशन बघा. फरशीच्या आतून गरम पाण्याचे पाइप असतील, किंवा छतावरून किरणांनी फरशी आणि वस्तू तापवणारा नळीचा हीटर असेल, तर थर मुळातच कमी लागतात.

पंखा कधी बंद ठेवायचा

लाकडाचा बारीक भुसा हवेत असेल आणि तुम्ही पॉलिश करणार असाल, तर पंखा आधी बंद. धूळ खाली बसू द्या, नाहीतर पॉलिशवर दाणे येतील. थिनर किंवा वॉर्निशचं काम असेल तर हीटरची ज्योतही बंद आणि बाहेरची हवा खेळती. या वाफा आणि पेट्रोलच्या वाफा हवेपेक्षा जड, त्या फरशीवरून पसरतात. गॅरेजमधल्या गॅस उपकरणाची ज्योत किंवा ठिणगी फरशीपासून किमान १८ इंच वर हवी असा अमेरिकेतला नियम आहे, तो याचसाठी. पण पंखा ढवळायला लागला की जड वाफा वरही येतात, हे विसरायचं नाही. लाकूडकाम कायमचं असेल तर पुढचा हीटर घेताना जळण्यासाठीची हवा बाहेरून घेणारा बंद पेटीचा प्रकार घ्यावा.

हीटर जुना, साध्या चिमणीचा असेल तर पंख्याचा झोत त्याच्या तोंडावर मारू नका. धूर चिमणीतून वर जाण्याऐवजी आत फिरू शकतो. काही जण चिमणीच नसलेली प्रोपेनची उघडी शेगडी लावतात आणि वर पंखा फिरवतात. हे करूच नका. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. ते गार हत्यारांवर बसतं, गंज चढतो, लाकूड फुगतं. आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ हवेइतकाच जड असतो, पंख्याने तो सगळीकडे सारखा पसरतो, कमी होत नाही. डिटेक्टर लावा, पंखा असो वा नसो.

दार उघडायच्या आधी हीटर आणि पंखा दोन्ही बंद करायचे. दार उघडलं की गरम हवा दोन-तीन मिनिटांत जाते, तिला अडवता येत नाही. पण फरशी, हत्यारं, लाकूड यांत साठलेली ऊब राहते. दार लावून परत दोन्ही चालू केलं की खोली लवकर सावरते.

आता आपल्याकडच्या मंडळींसाठी, कारण हे वाचून एमआयडीसीतल्या शेडमध्ये कुणी एप्रिलमध्ये हाच प्रयोग करेल. पत्र्याखालची तापलेली हवा आपल्याला खाली आणायची नाही, बाहेर काढायची आहे. दुपारी छताचा पंखा लावला की गरम झळ अंगावर येते ती याच थराची. तिथे पत्र्यावर टर्बो व्हेंटिलेटर, खाली गार हवा आत यायला झडपा, आणि माणसाच्या उंचीवर भिंतीचा पंखा. तीन थर्मामीटरचा प्रयोग मात्र तोच. दुपारी दोन वाजता करून बघा आणि आकडे मला पाठवा, पुढचा व्हिडिओ त्यावरच करतोय.